दोनाचं पाणी

त्या बोटीतला वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. वडा-भात, त्यावरची हिंगाची फोडणी, कढी, पेट्रोल, आणि या सगळ्यावर बारा माणसांच्या उलट्या. दोन वर्षं झाली. माझ्या बायकोनं, कुंदानं, घरात वडे तळायला घेतले की मी चपला घालून बाहेर पडतो. ती कुठे चाललात असं विचारत नाही. का विचारत नाही, ते मला फार उशिरा कळलं.

सांगायचं आहे ते फकिराभाऊबद्दल. पण त्याच्याबद्दल सांगायचं म्हणजे माझ्यासकट पाच-पन्नास माणसांबद्दल सांगावं लागतं, आणि ती आठवली की तोंड कडू होतं. तरी सांगतो, कारण हे दुसरं कुणी सांगणार नाही.

मी चंद्रशेखर. पाण्याच्या खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आमच्या घरात तीन पिढ्या कागदावर जगल्या. आजोबा तहसिलीत, वडील कोर्टात, मी खात्यात. आधी राळेगावकडे होतो आणि शेवटची चार वर्षं महागाव तालुक्यातल्या सावरधोंड धरणावर काढली. भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवर पाणी किती चढलं, किती उतरलं, ते रोज सकाळी वाचून वर कळवायचं, हे माझं काम. तीस वर्षं मी पाण्याकडे फक्त उंची म्हणून पाहिलं. पाण्याला आणखी काही असतं, हे मला फकिराभाऊनं शिकवलं, आणि त्या शिकवणीचं मी जे केलं त्याची मला किळस येते.

फकिराभाऊ जातीनं भोई, वय साठीच्या आसपास. अंगानं काटक, डोक्यावर पांढरे खुंट, कानाच्या पाळीत एक जुनी पितळी बाळी. तो जन्मला ते जुनं सावरधोंड आता तळ्याच्या पोटात आहे. त्याचा बाप नदीवर नाव घालायचा. धरण झालं, गाव वर आलं, शेतं गेली त्यांना काही ना काही मिळालं. भोयांची नदी गेली, त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. बापानं तीच नाव तळ्यात घातली आणि पहिल्या वर्षातच दोनदा उलथला. नदी एकाच बाजूला ओढते, तळं चारी बाजूंनी मारतं, हे त्याला बुडता बुडता समजलं. फकिराभाऊ ते बापाकडून शिकला, आणि बाकीचं पाण्याकडून.

पुढे तळ्यातल्या माशांचा ठेका बाहेरच्या माणसांकडे गेला. भोयांची जाळी खुंटीला लागली. फकिराभाऊ आपल्या डोंग्यातून लोकांना पलीकडच्या मोहधरीला पोचवू लागला. सडकेनं मोहधरी सव्वीस किलोमीटर आणि दिवसातून दोन एस.टी.; डोंग्यानं अर्धा तास. डोंगा म्हणजे त्याची ती रुंद, बसक्या बुडाची नाव, डांबर फासून फासून काळी झालेली.

डोंगा सोडण्याआधी तो दोन गोष्टी करायचा. पहिली म्हणजे, बसलेल्या प्रत्येकाच्या पायावर ओंजळभर पाणी टाकायचा. शहरातली माणसं चिडायची. मीही पहिल्यांदा चिडलो होतो, बूट नवे होते. पाय आखडून घेतला की तो त्या माणसाला उचलून मधोमध बसवायचा, कारण भिणारा माणूस काठाशी बसला तर वेळेवर उभा राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे मोजणी. भिंतीपासून शंभरेक हातांवर एक वाळलेलं मोहाचं झाड पाण्यात उभं होतं, फांद्या गेलेलं, नुसतं खोड. एक लाट त्या खोडाला लागली की फकिराभाऊ मनात मोजायला लागायचा, आपण सहज चालावं तसल्या चालीनं, आणि दुसरी लाट लागली की थांबायचा. पाच आले तर पाचाचं पाणी, म्हातारीनं डोंग्यात बसून पान लावावं असं. चार आले तरी जायचं. तीन आले तर अर्धी माणसं. दोन आले की डोंगा काठावर. दोनात रिकामा डोंगा जातो, भरलेला जात नाही, असं तो म्हणे. लाट किती उंच आहे, हे तो पाहतच नसे.

मला हे पटेना. उंचीवर पगार घेणारा माणूस मी. त्यानं मला एस.टी.चं उदाहरण दिलं.

"साहेब, फुलसावंगीच्या रोडनं मोठा चढ-उतार लागला तं गाडीत झोप लागते का नाई? अन् बारके बारके खड्डे लागले का आतडे तोंडात येतेत. खड्डा केवढा, ते नका पाहू. दोन खड्ड्यांत जागा किती, ते पाहा."

मग मी रोज सकाळी पट्टी वाचून झाली की त्याच्याशेजारी बसून खोडाकडे पाहायला लागलो. पहिल्या आठवड्यात माझी मोजणी सारखी चुकायची. तो म्हणे दोन, माझे येत चार. चूक कुठे होते ते त्यानंच शोधलं. वारा मावळतीकडून भिंतीवर लाट आणतो, ती दगडांवर आपटते आणि परत फिरते. परतीची लाट बुटकी असते, नवख्याच्या नजरेत भरत नाही. नवखा नेमकी ती सोडतो आणि पुढची मोठी धरतो. दोनाचे चार होतात. घात तीच बुटकी लाट करते, कारण ती समोरून येते. हे कळल्यावर माझी मोजणी पुन्हा कधी चुकली नाही.

त्याच सुमाराला जलविहाराची टूम निघाली. आजूबाजूला शंभर-दीडशे एकरांचे कापूसवाले आहेत, त्यांतले एक पुंडलिकराव. त्यांनी सावरधोंड जलविहार समिती काढली. तळ्यावर लोक येतील, बोटीत बसतील, गावाचं नाव होईल. यात वाईट काही नव्हतं. कोकणातल्या कुठल्याशा खाडीतून बारा आसनांची एक मोटरबोट विकत आणली. तिला हार घातला तेव्हा आमच्या खात्याचे एक साहेब आले होते, बंदरावर आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले. त्यांनी हसत हसत सांगितलं की ही बोट समुद्रात चालते, तुमच्या या डबक्यात तिला काय होणार. सगळे हसले. कपाशीच्या मुलखातल्या आम्हा माणसांना समुद्राचं भारी कौतुक. निम्म्यांनी तो पाहिलेला नाही, आणि पाहिला त्यांनी चौपाटीवर उभं राहून पाहिला.

फकिराभाऊ तेवढा हसला नाही. त्यानं साहेबांना अदबीनं सांगितलं, "समुद्र म्या नाई पाह्यला. पण तुमच्या समुद्रात लाटीले जागा असन. इथं जागाच नाई, लाट लाटीवर चढते." साहेबांनी त्याला पाठीवर थोपटलं आणि भिंतीकडे तोंड करून फोटो काढून घेतला.

साहेबांनी एक छापील नोंदवहीही आणली होती, समुद्रावरच्या नमुन्याची. बोट सोडण्यापूर्वी लाटेची उंची लिहायची, दोन फुटांच्या आत असेल तर पाणी अनुकूल. ही वही खात्याकडून माझ्या ताब्यात आली. मी हिंमत करून तिच्यात एक रकाना हातानं आखला: लाटांमधलं अंतर, आणि खाली नियम लिहिला की तीनच्या आत बोट सोडू नये. वर मंजुरीला पाठवलं. कुणी न वाचता सही करून परत पाठवलं. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. एका भोयाची मोजणी सरकारी कागदावर मी चढवली, असं मी कुंदाला दोनदा सांगितलं.

नावाडी म्हणून फकिराभाऊला घेतलं. समितीनं त्याला पांढरा सदरा दिला, खिशावर निळ्या दोऱ्यानं नाव. पाण्यात भिजू नये म्हणून तो सदरा काढून घडी करून गवतावर ठेवायचा आणि बनियनवर बोट चालवून शिकायचा. त्याला हे काम किती हवं होतं ते मला ठाऊक होतं, कारण त्यानं ते सरळ सांगितलं होतं. अकरा वर्षांनी मले कोणी पाण्याच्या कामाले बोलावलं, असं म्हणाला होता. सहा महिने नीट गेले तर कायम करू, असं पुंडलिकरावांनी त्याला चारचौघांत कबूल केलं होतं. तो सदरा त्याच्या अंगावर सगळे मिळून एकोणीस दिवस राहिला.

विसावा दिवस उद्घाटनाचा. मे महिना संपत आलेला. कार्यक्रम दहाचा होता, आणि दहाला पाणी पाचाचं होतं. यवतमाळहून येणारे पाहुणे आले बारा पन्नासला. तोवर माणसांना मंडपात वडा-भात वाढून झाला, वाटीवाटी तेल ओतून. फकिराभाऊ साडेअकरालाच पुंडलिकरावांना म्हणाला होता की लोकांना आत्ता फिरवून आणतो, फीत मागून कापा. पुंडलिकराव म्हणाले, फीत कापल्याशिवाय बोट हलणार नाही. फितीचं त्यांना फार होतं. बारानंतर मावळतीचा वारा उठला. तळ्याची लांबी तीन कोसांची, आणि वारा त्या लांबीनंच येतो. मंडपाची झालर फडफडायला लागली. पाहुण्यांनी भाषणात समुद्राचा उल्लेख तीनदा केला.

फीत कापून झाली. पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता, त्यामुळे ते बोटीत बसणार नव्हते. पण बोट निघाली की काठावरून हात हलवायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं ठरलं. म्हणजे ज्या माणसासाठी सगळे तीन तास खोळंबले, तो कोरड्या पायांनी जाणार होता आणि त्याच्या हात हलवण्यासाठी बाकीचे पाण्यात जाणार होते. हे तिथल्या तिथे माझ्या डोक्यात आलं होतं. मी टाळ्या वाजवल्या.

फकिराभाऊनं मला बाजूला बोलावलं. आम्ही दोघं खोडाकडे पाहत उभे राहिलो. लाट दीड फुटाची होती, साहेबांच्या नमुन्यात बसणारी. मोठी लाट खोडाला लागली, एक, दोन, आणि समोरून बुटकी आली. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. दोन. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग तो पुंडलिकरावांकडे गेला आणि म्हणाला की आज जमत नाही, उद्या सकाळी सहाला या, साऱ्या गावाला फिरवतो.

पुंडलिकराव पाहुण्यांसमोर होते. आवाज न चढवता, हसऱ्या तोंडानं ते म्हणाले, "भोयाच्या पोटचा अन् पाण्याले भेते का बे? हरिसिंग चालवीन. तू जाय घरी."

फकिराभाऊ मागे वळला. तो माझ्याकडे आला, बोटीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "दोन लिवा साहेब, अन् कुलूप लावा." मग सदरा काढला, घडी केली, वहीशेजारी टेबलावर ठेवला आणि आपल्या डोंग्याकडे गेला. तिथे बसून तो डोंग्यातलं साचलेलं पाणी डब्यानं काढायला लागला.

आता पुढचं सांगायला मला कठीण जातं. मला कुणी धमकावलं नाही. माझ्या निवृत्तीला पाच आठवडे होते, पण त्याची आठवणही मला कुणी करून दिली नाही. पुंडलिकरावांनी येताजाता एवढंच विचारलं, "भरलं का, भाऊ?" वही माझ्यासमोर होती. उंचीच्या रकान्यात मी दीड फूट लिहिलं, ते खरं होतं. अंतराच्या रकान्यावर पेन टेकलं, आणि मी चार लिहिलं. तीन का नाही लिहिलं, पाच का नाही लिहिलं? कारण दोनाचे चार होतात, हे मला ठाऊक होतं. उद्या काही झालंच तर माणसाची मोजणी चुकली असं दिसेल, खोटं बोलला असं दिसणार नाही. एवढा हिशेब पेन टेकवून उचलेपर्यंत माझ्या डोक्यात झाला. माझ्यासारखी माणसं घाण करतात तीही नेटकी करतात. किल्ली मी मुठीत धरली नव्हती, हात उघडाच ठेवला होता. पुंडलिकरावांनी ती उचलली.

बायका बोटीकडे निघाल्या. मोहधरीच्या बचत गटाच्या अध्यक्ष विमलताई आरतीचं ताट घेऊन पुढे होत्या. त्यांनी कुंदाचा हात धरला होता. कुंदा रेशमी साडी नेसून मुद्दाम आली होती, बोटीत बसायचं म्हणून. मी मध्ये गेलो आणि म्हणालो, तुला ऊन बाधतं, तू इथेच थांब. राळेगावला असताना भर उन्हात तास-तास एस.टी.ची वाट पाहत उभी राहणारी बाई ती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या वहीकडे पाहिलं, आणि विमलताईंच्या हातातून आपला हात काढून घेतला. बाकीच्या अकरा जणांना आणि हरिसिंगला मी काही म्हणालो नाही.

हरिसिंग हा पुंडलिकरावांचा ट्रॅक्टर चालवणारा. माणूस सरळ, हात असा की नांगरताना त्याच्या तासाची रेघ वाकडी होत नाही. सकाळच्या शांत पाण्यात त्यानं बोट दोन-तीनदा फिरवली होती. जो ट्रॅक्टर चालवतो तो बोट चालवतो, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटलं. शेवटी इंजीन ते इंजीन. केशरी जाकिटं होती, पण त्यांत साड्या आणि हार झाकले जातात म्हणून निम्म्यांनी ती काढून मांडीवर घेतली. स्वतः पुंडलिकराव पुढच्या फळीवर उभे. पाहुण्यांनी हात हलवला, चित्रीकरण झालं, आणि बोट वाऱ्याच्या तोंडावर निघाली, तोवर पाहुण्यांची गाडी वळलीसुद्धा होती.

नाक वाऱ्याकडे होतं तोवर बोट नुसती आदळत राहिली. दोन-अडीचशे हातांवर गेल्यावर हरिसिंगनं ती वळवली, शेताच्या बांधाशी, धुऱ्याशी ट्रॅक्टर वळवतात तशी, वेग कमी करून, सावकाश, नेमकी. शेतात तेच बरोबर असतं. बोट लाटेला आडवी झाली आणि आडवीच राहिली. इकडून मोठी लाट, तिकडून बुटकी. उलट्या आधी मागच्या फळीवर सुरू झाल्या आणि मग एकाचं पाहून दुसऱ्याला होत गेल्या. लोक बाहेर ओकायला म्हणून एकाच काठावर वाकले, तो काठ खाली गेला, पाणी आत आलं, इंजीन बंद पडलं. वारा बोट ढकलत त्या वाळक्या मोहापाशी घेऊन आला. विमलताईंनी ताट सोडून बोटीचा काठ घट्ट धरला होता. काठ आणि मोहाचं खोड यांच्यामध्ये त्यांचा उजवा हात सापडला.

काठावर पन्नास माणसं होती. त्यांतल्या तीसेक जणांनी मोबाइल वर धरले.

फकिराभाऊचा डोंगा तोवर पाण्यात गेला होता, रिकामा. त्यानं दोरानं बोटीचं नाक त्याच खोडाला बांधलं, म्हणजे ती वाऱ्याकडे तोंड करून राहिली. सगळ्यांना फळ्यांवरून उतरवून खाली त्या घाणीत बसवलं, पुंडलिकरावांनाही. विमलताईंचा हात आपल्या बनियनमध्ये गुंडाळला आणि एकट्या त्यांना डोंग्यात घेऊन आला. बाकीच्यांना आणायला गेला, पण आणलं नाही. वारा पडेपर्यंत, साडेचारपर्यंत, तो त्यांच्यात बसून राहिला. मग दोन-दोन करून आणले. पुंडलिकराव उतरले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या कुडत्यावर कुणाचा तरी भात होता. ते पहिलं वाक्य बोलले ते पेपरात नाव येता कामा नये, हे. विमलताईंची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी त्या बोटीचा पंचनामा करायला मला आत बसावं लागलं. रात्रभर आणि पुन्हा सकाळभर उन्हात राहिलेली बोट. तो वास मी तिथून घेऊन आलो.

चौकशीला दोघे जण आले. विश्रामगृहात उतरले, जेवले, कोंबडीत मीठ कमी आहे म्हणाले. मग फकिराभाऊला बोलावलं. बोट सुटली तेव्हा तू बोटीवर होतास का, असं विचारलं. नवतो, तो म्हणाला. किल्ली कुठे होती? साहेबापाशी देल्ली. तू निघून गेलास? व्हय, डोंग्यापाशी गेलतो. लाट दोनाची होती म्हणून गेलतो. त्यांनी त्याच्यापुढे वही सरकवली. फकिराभाऊला अक्षर येत नाही, आकडे येतात. त्यानं त्या चारावर बोट ठेवलं, कितीतरी वेळ ठेवलं, आणि माझ्याकडे पाहिलं. आता हा बोलणार, म्हणून मी खुर्चीचा हात धरला. त्यानं वही परत सरकवली. दाखवलेल्या जागी त्यानं आपलं नाव काढल्यासारखं चित्र काढलं आणि गेला.

अहवाल मीच टंकलेखनासाठी नेला, म्हणून मला तो पाठ आहे. पाणी अनुकूल होते, लाटांमधील अंतर चार. अपघाताचे कारण म्हणजे प्रशिक्षित नावाडी जागेवर गैरहजर असणे. पुढच्याच परिच्छेदात: स्थानिक ग्रामस्थाच्या मदतीने सर्वांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. गैरहजर नावाडी आणि स्थानिक ग्रामस्थ हा एकच माणूस, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. मी कागद सरळ केले, टाचणी लावली आणि पाठवून दिले. फकिराभाऊला कामावरून काढलं. पाच आठवड्यांनी मला शाल-नारळ मिळाला. आमच्या उपअभियंत्यांनी माझ्या अचूक नोंदींचं कौतुक केलं आणि मी हात जोडले.

निवृत्तीनंतर आम्ही यवतमाळला राहायला गेलो. दोन वर्षं मी सावरधोंडकडे फिरकलो नाही. या डिसेंबरात विमलताईंचा फोन आला, कुंदाला. मुलीला मुलगी झाली, बारशाला या म्हणाल्या. कुंदानं बाळासाठी चांदीचे वाळे घेतले आणि मी ते खिशात ठेवले. महागावहून सावरधोंडला पोचलो तर मोहधरीची सकाळची एस.टी. नुकतीच गेलेली. कुंदा म्हणाली, फकिराभाऊच्या डोंग्यानं जाऊ. मी म्हणालो, थांबू, दुसरी बस अकराला आहे. ती चालायला लागली होती.

समितीची बोट काठावर पालथी पडली होती, तिच्याखाली कुणाच्या तरी कोंबड्या होत्या. फकिराभाऊ थकला होता, पण डोंगा तसाच काळा. आम्हाला पाहून त्याला खरंच आनंद झाला. त्याची मला फार लाज वाटली. त्यानं कुंदाला हात देऊन बसवलं, मला बसवलं, आमच्या पायांवर ओंजळ-ओंजळ पाणी टाकलं. थंड होतं. मी पाय आखडला नाही. डोंगा अजून गुडघाभर पाण्यात होता, फकिराभाऊ कमरेला धोतर खोचत बाजूला उभा होता.

"साहेब, दोन वर्सं झाले, एक गोष्ट मनात हाये," तो म्हणाला. "त्या दिशी तुमी चार लिवलं. मले आकडा दिसला. लय वाईट वाटलं. तुमच्यावर नाई, माह्यावर. परतीची लाट तुमची सुटली. म्या तुमाले घाईघाईनं शिकवलं, अजून दोन महिने बसवा लागत होतं. म्हणून म्या त्या लोकाईले काही बोललो नाई. शिकवणाऱ्याचीच चूक, कोणाले सांगू?"

दोन वर्षं हा माणूस माझी चूक स्वतःच्या अंगाला लावून बसला होता. काम गेलं, गावात पळपुटा ठरला, आणि मनात काय धरून बसला तर आपण शिकवण्यात कमी पडलो, हे. माझ्यापुढे वाट मोकळी होती. मी खाली पाहिलं आणि म्हणालो, "हो, सुटली असेल."

"सुटली नव्हती," कुंदा म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती. "यांना चांगलं मोजता येतं, फकिराभाऊ. त्या दिवशी मला यांनीच बोटीत बसू दिलं नाही."

कानातली बाळी त्यानं दोन बोटांनी चाचपली. मग मला विचारलं, "खरं व्हय, साहेब?"

मी मान हलवली. बोलायला तोंड उघडलं असतं तर पुन्हा काही तरी नेटकं बाहेर पडलं असतं.

"मंग तुमी उतरा," फकिराभाऊ म्हणाला. "बाईले नेतो."

रागावलेला वाटला नाही. भरलेल्या डोंग्यातून एखादा जास्तीचा माणूस उतरवावा तसं म्हणाला. मी बूट हातात घेऊन पाण्यात उतरलो. कुंदानं हात पुढे केला. मला वाटलं आधारासाठी, पण तिला वाळे हवे होते. मी खिशातून काढून दिले. तिनं ते रुमालात बांधले. फकिराभाऊनं डोंगा ढकलला, आत चढला आणि वल्हं टेकवलं.

मी गुडघाभर पाण्यात तसाच उभा राहिलो. बसला अजून दोन तास होते. मोहाचं खोड जागेवर होतं. एक लाट लागली आणि मी मोजायला लागलो, चालतो त्या चालीनं, बुटकी लाट न सोडता. पाच आले. पुन्हा मोजलं, तरी पाचच.